न वाचलेला प्रश्न

उत्तराभोवती गोल करून झाला आणि मग रेनाटाच्या ध्यानात आलं की प्रश्न आपण वाचलेलाच नाही. पान उलटलं होतं, डोळ्यांना 'उदबिलाव', म्हणजे पाणमांजर, एवढा एक शब्द दिसला होता, आणि तेवढ्यावर पेन्सिल आपली आपण 'डी'पाशी जाऊन गोल काढून मोकळी झाली होती. उत्तर बरोबर होतं, त्यात शंका नव्हती. ती हात तसाच पानावर ठेवून बसून राहिली. वाचनालयात शुक्रवारच्या सकाळी असते तेवढीच वर्दळ होती. म्हणजे खिडकीपाशी एक म्हातारा वर्तमानपत्र छातीवर घेऊन झोपला होता आणि गरम हवेच्या जाळीतून संथ घरघर येत होती. बाहेर वाहनतळाच्या कडेला हिवाळाभर सारून ठेवलेल्या बर्फाचा काळपट ढीग मार्चच्या उन्हात बसत चालला होता. टेबलावरच्या टायमरात पस्तीस मिनिटांतली कितीतरी अजून शिल्लक होती, आणि क्षणापूर्वी याच गोष्टीचा तिला केवढा आनंद झाला होता. तिने पान मागे उलटलं. त्या आधीचा प्रश्न वाचला होता का? मधमाश्यांचा? त्याच्या आधीचा, नगरपालिकेच्या दिव्यांचा? ती एकेक प्रश्न मागे जात राहिली. यांतला एकही तिने वाचला नव्हता. नुसता ओळखला होता, रस्त्यात ओळखीचा माणूस दिसल्यावर मान हलवतात तसा.

कायद्याच्या कॉलेजात शिरायचं तर ही परीक्षा द्यावी लागते, आणि या परीक्षेत पाठ करण्याजोगं काही नसतं. कुठलं कलम विचारत नाहीत, कुठली सनावळी विचारत नाहीत. एक परिच्छेद देतात, त्यात कुणीतरी काहीतरी म्हणत असतं, आणि त्या म्हणण्यात भोक कुठे आहे ते शोधायचं असतं, घड्याळ लावून. हे पाठांतराने येत नाही, सरावाने येतं, असं सगळेच सांगतात. पण जुन्या प्रश्नपत्रिका काही विहिरीचं पाणी नव्हे की उपसाव्यात आणि पुन्हा भराव्यात. चार वर्षांत रेनाटाने होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या वापरून संपवल्या होत्या, आणि मग खोडरबर घेऊन जुने गोल पुसून त्याच पुन्हा सोडवायला लागली होती. त्यानंतरच तर तिचे गुण चढायला लागले. दर रविवारी न्याहारीला ती नवऱ्याला, कॅझला, आकडा सांगायची, गेल्या रविवारपेक्षा एक-दोनने जास्त, आणि कॅझ म्हणायचा, "वा, छान." तिला वाटलं होतं, आलं बाई एकदाचं कौशल्य अंगात. आणि अंगात काय आलं होतं, तर घोकंपट्टी. शाळेत सिस्टर बार्बराने छडी मारून जे करायला लावलं नसतं ते तिने या वयात स्वतःच्या हौसेने केलं होतं. खरी परीक्षा पुढच्या शनिवारी होती. या परीक्षेला माणसाने आयुष्यात किती वेळा बसायचं याला मर्यादा आहे आणि तिची ही शेवटची खेप होती. तारीख बदलायची तर आज संध्याकाळपर्यंत बदलता येत होती. पण बदलली की यंदाचं वर्ष गेलं, आणि शहरातल्या ज्या एका कॉलेजात संध्याकाळी कायदा शिकवायचे त्यांनी आधीच कळवलं होतं की संध्याकाळचे वर्ग यंदाचेच शेवटचे. दिवसा शिकायचं तर नोकरी सोडावी लागणार, आणि नोकरी सोडली तर घर कोण चालवणार? म्हणजे खोट्या आकड्यांच्या जोरावर शनिवारी बसायचं, नाहीतर बसायचंच नाही. तिने टायमर बंद केला. 

तिला सुरुवातीचा हिवाळा आठवला. तेव्हा टायमर नव्हताच. कोर्टातून घरी यायचं, बूट दाराशी काढायचे, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एकच प्रश्न घेऊन बसायचं. एक प्रश्न, एक संध्याकाळ. बरोबर उत्तर शोधणं हे त्यातलं सोपं काम. बाकीची चार चूक का आहेत हे स्वतःला पटेपर्यंत उठायचं नाही, असा तिचा नियम होता. कॅझ समोर बसून बटाटे सोलायचा. शहराच्या बर्फ सारायच्या ट्रकवर तो ड्रायव्हर. बर्फ पडला की पहाटेच जायचा, न पडला की संध्याकाळ त्याची मोकळी. ती मोठ्याने वाचायची, "नदीत उदबिलाव कमी झाले त्याच वर्षी मासे वाढले. म्हणजे मासे वाढवायचे तर उदबिलाव कमी केले पाहिजेत." आणि कॅझ सुरी खाली ठेवून भांडायला उठायचा. "उदबिलावांनी यांचं काय घोडं मारलंय? त्याच वर्षी पाऊस जास्त झाला असेल. नाहीतर कोळी संपावर गेले असतील. कुणी विचारलं का कोळ्यांना?" ती हसायची, पण पुस्तक उलटून बघितलं की कोळी नसले तरी पाऊस तिथे असायचाच. बटाट्यांच्या साली वाळून जायच्या आणि तरी ते दोघे एका परिच्छेदावरून हटायचे नाहीत. मग पहिली परीक्षा झाली, वेळ पुरला नाही, आणि घरात टायमर आला. घड्याळ चालू असताना बोलायचं नाही असं ठरलं. कॅझ बटाटे घेऊन पुढच्या खोलीत जायला लागला. सुरुवातीला तो दारातून डोकावून विचारायचा, "आज कोण आहे?", म्हणजे आज प्रश्नात कुठला प्राणी, कुठला कारखाना. पुढे पुढे त्याने विचारणं सोडून दिलं, ते कधी, हे तिला आता कितीही ताण दिला तरी आठवेना.

वेळ कुठून कुठून काढला तिने. रात्र थोडी सोंगं फार म्हणतात, पण रेनाटाने दिवसाचीही सोंगं केली. लाँड्रीत कपडे फिरताहेत तोवर गाडीत बसून एक भाग. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं की तिथल्या बाकावर एक. कोर्टात जेवणाच्या सुट्टीत साक्षीदारांच्या रिकाम्या खोलीत एक, सँडविचचा एक घास आणि एक गोल, एक घास आणि एक गोल. ती घरभाड्याच्या कोर्टात खिडकीवर होती. लोक कागद आणून देत, ती शिक्के मारी. चार वर्षांपूर्वी त्याच खिडकीशी एक बाई आली होती, पांढऱ्या कोटाखाली हॉस्पिटलातले हिरवे कपडे, श्वास लागलेला. तिचं नाव सकाळी पुकारून झालं होतं. बाई हजर नव्हती म्हणून घरमालकाच्या बाजूने निकाल लागूनही गेला होता. "मी बसमध्ये होते," बाई म्हणाली, "बर्फात अडकलो होतो सगळे." तिचं म्हणणं खरं होतं, कारण त्या सकाळी कॅझचा ट्रकही त्याच रस्त्यावर अडकला होता. पण खिडकीच्या या बाजूला बसून रेनाटाला एवढंच म्हणता आलं की तुमचं नाव पुकारलं गेलं. बाईने आरडाओरडा केला नाही. तिने काचेवर हात टेकवला, हातमोजा न घातलेला, आणि तिच्या तळव्याच्या उबेने काचेवर धुकं आलं. ती गेल्यावर ते धुकं हळूहळू विरलं आणि रेनाटा ते विरेपर्यंत बघत राहिली. त्याच आठवड्यात तिने पहिलं पुस्तक आणलं. आता त्या बाईचा चेहरा तिला आठवत नव्हता, आणि लाज अशी की गेल्या वर्षात तिने तो आठवून बघण्याचा प्रयत्नही केला नव्हता.

घरी परतली तेव्हा जिन्यात पाऊल टाकते न टाकते तोच खालच्या मजल्यावरून आईने झाडूच्या दांड्याने छतावर दोनदा ठोकलं. या भागातली घरं अशीच, खाली आईबाप, वर लेकीचा नाहीतर लेकाचा संसार, आणि झाडूचा दांडा हाच दोघांमधला टेलिफोन. दोनदा म्हणजे खाली ये, तीनदा म्हणजे धावत ये. आई, म्हणजे जेनोवेफाबाई, टेबलाशी बसून ईस्टरसाठी लोकरीची कोकरं विणत होती.

"आज सुट्टी घेतलीस म्हणे. आणि तोंड असं का? कुणी मेलं का?"

"कुणी नाही मेलं, मा. अभ्यास नीट झाला नाही."

"चार वर्षं अभ्यास करतेयस आणि आज कळलं होय नीट झाला नाही म्हणून?" आईने विणकामावरून नजर उचलली नाही. "नाचता येईना अंगण वाकडं. दर वेळी काहीतरी असतंच. एकदा वेळ पुरला नाही, एकदा शेजारचा पोरगा नाक ओढत होता."

"तो खरंच ओढत होता."

"ओढू दे ना. वकील झालीस तर कोर्टात काय सगळे नाक शिंकरूनच येणारेत?" मग सुया थांबल्या. "हे बघ, मी तुला नको म्हणत नाही. पण त्या कॅझचा तरी विचार कर. त्याचा तो भाऊ थॅड बिचारा दर नाताळाला फोन करतो, या म्हणून. तिकडे दक्षिणेत, शार्लटला सगळे गेले. कोवाल्स्की गेले, मिसेस डुडाची दोन्ही पोरं गेली. तिथे ऊन आहे. आणि हा इथे बर्फ उपसतोय तुझ्यापायी. बोलत नाही म्हणून काय झालं, माणसाच्या मनात नसेल का?"

"असेल," रेनाटा म्हणाली. हे उत्तरही पेन्सिलीसारखंच आपोआप आलं.

वर आपल्या घरात येऊन ती कोट न काढता पलंगावर पडली. छतावर ओल्या उन्हाची थरथर होती, बाहेर पन्हाळीतून पाणी गळत होतं, आणि ती झोप नव्हे आणि जागही नव्हे अशा कुठल्याशा जागी तरंगत राहिली. नाताळच्या आदल्या संध्याकाळचं टेबल दिसायला लागलं, पांढऱ्या चादरीखाली पसरलेलं गवत, मधे मेणबत्ती. जेवणाआधी प्रत्येकाने आपली पातळ पोळी दुसऱ्यापुढे धरायची, दुसऱ्याने तिचा तुकडा मोडायचा, आणि मोडताना त्याच्यासाठी काहीतरी चांगलं मागायचं, ही त्यांच्याकडची रीत. आईने तुकडा मोडला आणि म्हणाली, "यंदा तरी सुटू दे बाई हिची परीक्षा." मग कॅझ पुढे आला. त्याने तिच्या पोळीचा तुकडा मोडला, तोंड उघडलं, आणि काहीच न मागता तो तुकडा खाऊन टाकला. आणि ती म्हणाली होती, "थँक यू." न मागितलेल्या मागण्याबद्दल तिने आभार मानले होते. त्या रात्री कुशीवर वळून ती त्याला म्हणाली, "मला माहितेय, माझ्यामुळे तुझं सगळं अडलंय. माफ कर." तो म्हणाला होता, "झोप." हे माफी मागणंही किती वेळा झालं होतं. प्रत्येक माफीनंतर तिला वाटायचं, आता घाई केली पाहिजे, लवकर सुटलं पाहिजे, त्याला सोडवलं पाहिजे. आणि घाई झाली की नव्याची भीती वाटायची, आणि भीती वाटली की ती जुनी प्रश्नपत्रिका काढायची, जिच्यात आकडा हमखास चढतो. पन्हाळीतलं पाणी गळत होतं. तिला वाटलं, आपण एका अशा खोलीत राहतोय जिथल्या सगळ्या भिंतींवर उत्तरं लिहिलेली आहेत, आणि दाराबाहेर कुणीतरी काहीतरी विचारतंय ते इथे ऐकू येत नाही.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार, म्हणजे मांस वर्ज्य, म्हणजे सगळा मोहल्ला चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये तळलेला मासा खायला. कॅझने रांगेत आधीच जागा धरून ठेवली होती. ट्रेवर दोन मासे, कोबीची कोशिंबीर, राय या धान्याचा पाव घेऊन ते खांबाजवळच्या टेबलाशी बसले. तेलाचा आणि ओल्या कोटांचा वास भरून राहिला होता. रेनाटाने माशाला हात लावला नाही. तिने त्याला सकाळची गोष्ट सांगितली, खालच्या आवाजात, पण सगळी सांगितली. आकडे खोटे होते, चार वर्षांत जे कमावलं ते गेल्या वर्षात पाठांतराने झाकून टाकलं, आता खाली काही उरलंय की नाही हे कळायलाही मार्ग नाही, कारण न पाहिलेला एकही प्रश्न जगात शिल्लक नाही. "तासाभरात ठरवायचंय," ती म्हणाली, "तारीख सोडायची की नाही ते."

कॅझने माशावर लिंबू पिळलं, मग उगीचच पुन्हा पिळलं. त्याचे कान लाल झाले होते. थंडीने होतात तसेच, पण हॉलमध्ये थंडी नव्हती.

"न पाहिलेला प्रश्न हवाय ना तुला?" तो म्हणाला. "मी घालतो एक."

"कॅझ, चेष्टा नको."

"चेष्टा नाही. ऐक. एक माणूस आहे. त्याचा थोरला भाऊ त्याला दूर देशी बोलावतोय, दर वर्षी. माणूस दर वर्षी सांगतो, बायकोची परीक्षा होऊ दे. तो बायकोला मात्र कधीच विचारत नाही, बाई, कधी संपणार तुझी परीक्षा. गप्पच असतो. त्यावरून बायको असं ठरवते की हा मनातल्या मनात कुढतोय." तो थांबला आणि मग परीक्षेच्या पुस्तकातल्यासारख्या सपाट आवाजात म्हणाला, "पुढीलपैकी कोणतं विधान खरं असेल तर बायकोचा निष्कर्ष सगळ्यांत जास्त ढासळतो? ए, माणसाला थंडी बाधत नाही. बी, माणसाचं बायकोवर प्रेम आहे. सी, माणसाला मुळात जायचंच नव्हतं. डी, माणूस घुम्या आहे, सगळ्यांशीच असा वागतो. ई, भावाला दर वर्षी फोन करायची खोड आहे."

"बी," रेनाटा म्हणाली. त्याचं 'ई' संपायच्या आतच म्हणाली.

"चूक," कॅझ म्हणाला.

"चूक कशी?"

"प्रेम असलेला माणूस कुढत नाही का? प्रेम असलेलाच जास्त कुढतो. तूच शिकवलंस मला हे, ऐकायला गोड वाटतं ते उत्तर आधी तपासायचं म्हणून."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी व्हिनेगरची बाटली मागितली, ती कॅझने दिली. रेनाटा त्याच्या हाताकडे बघत होती. तिच्या डोक्यात लख्ख रिकामं झालं होतं. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा असा प्रश्न समोर होता ज्याच्याशी तिची ओळख नव्हती. "पुन्हा सांग," ती म्हणाली. "सावकाश." त्याने पुन्हा सांगितलं. या वेळी तिने तो माणूस पाहिला, जो भावाला एक सांगतो आणि बायकोला काहीच सांगत नाही. थंडी न बाधणाऱ्यालाही ऊन हवंसं वाटू शकतं, म्हणून ए गेलं. घुम्या माणूस घुमेपणानेच कुढतो, डी गेलं. भावाच्या खोडीचा इथे काही संबंध नाही.

"सी," ती म्हणाली. "त्याला जायचंच नव्हतं."

"बरोबर."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून." कॅझ पावाचे तुकडे करत होता. "तिथे बर्फ पडत नाही, रेना. मी काय करू तिथे? पहाटे पहिला ट्रक माझा निघतो, रस्त्यावर एक पाऊल उमटलेलं नसतं, आणि मागे बघितलं की काळा रस्ता उघडा पडत येतो. थॅडच्या एसीच्या दुकानात बसून काय बघू मी? पण बाबा गेल्यावर मला वाढवलं त्याने. त्याला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. तुझी परीक्षा होती, ती पुढे केली."

"माझ्या खांद्यावर बंदूक ठेवलीस."

"हो."

"आणि मी माफी मागत होते तुझी. दर आठवड्याला."

त्यावर तो पावाचे तुकडे आणखी बारीक करत राहिला. आणि नेमक्या त्या गप्प राहण्यातून रेनाटाला पुढचं दिसायला लागलं, कुणी पर्याय दिलेले नसताना. तिला राग आला, पण तो आधी बाजूला ठेवून ती नीट, पायरीपायरीने बोलली. "पहिल्या हिवाळ्यात तू प्रत्येक प्रश्नावर भांडायचास. उदबिलावांची वकिली करायचास. मग मी जुनेच प्रश्न पुन्हा सोडवायला लागले, न्याहारीला आकडे सांगायला लागले, आणि तू नुसतं वा छान म्हणायला लागलास. तू. ज्याला एकही प्रश्न विसरता येत नाही." ती थांबली. "तुला माहीत होतं."

कॅझने मान खाली घातली. "एकदा तू आंघोळ करताना मोठमोठ्याने एक प्रश्न म्हणत होतीस. उदबिलाव तिसऱ्यांदा आले तेव्हा कळलं."

"आणि बोलला नाहीस."

"तू चालत राहिलीस म्हणजे मला बरं होतं. पास नको, नापास नको, नुसतं चालू राहू दे. फार वाईट वाटतं मला, रेना. नाताळात पोळी मोडताना काय मागायचं तेच सुचेना. खोटं मागवेना आणि खरं सांगवेना."

तिला रडू आलं ते तिने कागदी रुमालात पुसलं. त्या हॉलमध्ये सगळेच ओळखीचे होते, आणि रविवारच्या प्रार्थनेआधी बातमी आईपर्यंत गेली असती. दुखलं होतं, खोल दुखलं होतं. चार वर्षं तिने जे ओझं वाहिलं ते कुणाचंच नव्हतं. पण त्या दुखण्याच्या बाजूलाच, अगदी नको तिथे, एक लहानसा आनंदही येऊन बसला होता आणि तो हाकलता हाकलेना. तिने ते भोक शोधलं होतं. पहिल्यांदा चुकली, मग सावकाश वाचलं, मग सापडलं, आणि त्याच्या मागचं न विचारलेलंही सापडलं. म्हणजे पहिल्या हिवाळ्यातलं कुठेतरी होतं अजून, साचलेल्या बर्फाखालच्या रस्त्यासारखं.

"मी शनिवारी बसणार," ती म्हणाली. "आणि थॅडला तू सांगायचं. तुझ्या तोंडाने, तुझ्या नावाने."

"सांगतो. निकाल लागला की लगेच."

"निकालाचा काय संबंध?"

 कॅझने तिचा मासा तिच्यापुढे सरकवला. तो निवून गेला होता, तरी तिने खाल्ला.

तो आठवडा कसा गेला ते तिला नंतर नीट आठवलं नाही. बर्फ वितळत होता, शहरालगतच्या सरोवरावरचा बर्फही फुटायला लागला होता आणि त्याचा दूरचा कडकड आवाज वारा असला की कोर्टापर्यंत यायचा. जुनी पुस्तकं तिने उघडली नाहीत. जेवणाच्या सुट्टीत ती वर्तमानपत्रातलं वाचकांचं एखादं पत्र घ्यायची, घरमालकाचा एखादा अर्ज घ्यायची, आणि भोक शोधत बसायची, एकाच कागदाशी, टायमर न लावता. दोनदा तिने कॅझशी दिवसभर अबोला धरला. एकदा तो दारातून म्हणाला, "आज कोण आहे?" आणि ती न बोलता सरकून बसली, त्याला जागा देत. कोर्टातल्या खिडकीवर एक म्हातारे गृहस्थ कागद घेऊन आले, आणि ते बोलायला लागल्यावर तिच्या ध्यानात आलं की शिक्का आपल्या हातात आधीच उचललेला आहे. तिने तो खाली ठेवला आणि त्यांचं म्हणणं संपेपर्यंत ऐकलं.

शनिवारी संगणकाच्या पडद्यावर पहिला प्रश्न उघडला आणि तो कुणाचाच नव्हता. एक दीपगृह होतं, एक इतिहासकार होता, दोघांचंही तोंड तिने कधी पाहिलेलं नव्हतं.  कोपऱ्यात घड्याळ उलटं धावत होतं. बोटं सवयीने पुढे झाली, त्यांना 'डी' हवं होतं, कुठलंही हवं होतं. तिने हात मांडीवर घेतले आणि पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली. इतिहासकार एक म्हणत होता आणि त्याला दुसरंच सिद्ध करायचं होतं. ती त्याच्या बाजूने बसली, मग त्याच्या विरुद्ध बसली. कुठेतरी बटाट्यांच्या सालीचा वास आला. पुढचा प्रश्न, त्याच्या पुढचा. वेळ पुरणार नाही हे तिला अर्ध्यात कळलं आणि तिने मनाशी वाटणी केली, शेवटचे काही अंदाजावर सोडायचे, पण जे वाचायचे ते वाचायचे. पूर्वी अशा वेळी तिचा जीव घशाशी यायचा. आज तिला त्या मोठ्या गार खोलीत, अनोळखी लोकांच्या मधे बसून, हलकं हलकं वाटत होतं, अगदी घरी असल्यासारखं. शेवटच्या मिनिटात न वाचलेल्या प्रश्नांना तिने एकच अक्षर देऊन टाकलं. त्यांचं तिला वाईट वाटलं, ते चांगले प्रश्न असतील.

कॅझ रस्त्याच्या पलीकडे गाडी लावून बसला होता. ती आत बसली, दार लावलं. काचांवर आतून धुकं होतं.

"कसा गेला?"

दर वेळी या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर तयार असायचं. "माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही. सगळे झाले नाहीत. जे झाले ते माझे आहेत."

कॅझने मान हलवली. गाडी सुरू करायच्या ऐवजी त्याने खिशातून फोन काढला, थॅडचा नंबर लावला आणि फोन दोघांच्या मधे धरला. थॅडचा आवाज गाडीभर झाला, मागे कुठेतरी गवत कापायचं यंत्र चालू होतं.

"थॅड, आम्ही येत नाही," कॅझ म्हणाला.

"का? परीक्षा पुढे गेली का तिची?"

"नाही, झाली. आत्ताच झाली. तिच्यासाठी नाही. मला यायचं नाहीये. मला कधीच यायचं नव्हतं."

पलीकडे गवत कापायचं यंत्र बंद झालं.  मग थॅड म्हणाला, "निकाल लागला?"

"नाही. अजून तीन आठवडे आहेत."

"मग आजच का सांगतोयस? तिला तिथे प्रवेश मिळाला नाही तर? थांबायचं तरी होतंस."

कॅझने रेनाटाकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते, ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. रेनाटाला उत्तर माहीत होतं. अगदी जिभेवर होतं, एका वाक्यात बसणारं, आणि ते तिने पुटपुटलं असतं तरी त्याला पुरलं असतं. पण प्रश्न तिला विचारलेला नव्हता. तिने आपल्या बाजूच्या काचेवरचं धुकं हाताने पुसलं, बाहेर बघत राहिली, आणि त्याला हवा तेवढा वेळ घेऊ दिला.